मामाची तिरकी मान

आमच्या मामाकडे गाडी शिकलेला माणूस लांबून ओळखू येतो. चौक आला की तो गाडी पूर्ण थांबवतो, काच खाली करतो, मान तिरकी करून उजवा कान पुढे काढतो, क्षणभर ऐकतो आणि मगच निघतो. मागचे शिव्या देतात. देईनात का! तीस वर्षांत मामाच्या एकाही विद्यार्थ्याने चौकात कुणाला धडक दिलेली नाही. आता तर दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलवालेही आपल्या लोकांना मान तशीच वळवायला लावतात. का वळवायची, हे कुणी विचारत नाही. मोठा माणूस करतो म्हणजे त्यात काहीतरी असणारच, एवढ्यावर आपलं भागतं.

मीही कधी विचारलं नव्हतं. गेल्या मंगळवारी मी गाडी चालवत होते आणि मामा शेजारी, त्याच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. दवाखान्याच्या चौकात मी थांबले, काच खाली केली. डावीकडून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. मामा मात्र उजवीकडे बघत होता.

"रिकामं आहे. चल."

मी हलले नाही.

"अगं, चल म्हणतोय ना!"

तेवढ्यात ती गाडी डावीकडून आली आणि आमच्या नाकासमोरून सुसाट गेली. मामाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, तुला डावीकडचं ऐकू येत नाही?"

"डावा कान लहानपणापासून बंद आहे," तो म्हणाला. "आवाज येतो गं, पण कुठून ते कळत नाही. मान फिरवून पुन्हा ऐकलं की अंदाज येतो. आज फिरवायची राहिली."

"आणि आम्ही सगळे माना वाकड्या करतो ते?"

"मी कधी सांगितलं होतं? थांबा आणि काच उघडा, एवढंच सांगतो मी. बाकीचं तुम्ही आपलं आपण उचललंत."

मला हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही. कारण गुरुवारी मामाची तपासणी होती. शिकवण्याचा परवाना दर काही वर्षांनी नवा करावा लागतो. आजवर डॉक्टर नुसता शिक्का मारायचे, यंदापासून दोन्ही कान वेगवेगळे तपासणार होते. मामाला दुसरं काहीएक येत नाही. चहा टाकला तर तोही उतू घालवतो.

बुधवारी तो आमच्याकडे आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या तू सोबत चल. डॉक्टर मागे उभे राहून आकडा बोलणार. तू समोर बस आणि बोटं दाखव."

मी हो म्हणाले. हो म्हणताना लाज वाटली. आईने लहानपणापासून मला शंभरदा ऐकवलंय, मामासारखी हो. त्या दिवशी मला कुणासारखंच व्हायचं नव्हतं. बोटं दाखवली तर तो पुन्हा कुणाला तरी "चल" म्हणणार आणि ते बिचारं त्याच्यावर विश्वास ठेवून निघणार. नाही दाखवली तर मामीला काय तोंड दाखवू? इकडे आड, तिकडे विहीर.

गुरुवारी तपासणीच्या खोलीत मी समोरच्या बाकावर बसले. डॉक्टरांनी मामाला उजव्या कानात बोट घालायला सांगितलं आणि हातातल्या कागदावर नजर ठेवून त्या मागे गेल्या.

"चार," त्या हळूच म्हणाल्या.

माझा हात वर गेला. चार बोटं. मामाने माझ्याकडे पाहिलं, पण बोटांकडे नाही, तोंडाकडे. मग त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

"चार," डॉक्टर पुन्हा म्हणाल्या. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला, तसं त्याने कानातलं बोट काढलं.

"काही ऐकू आलं का?"

"नाही, मॅडम. या कानाने कधीच येत नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो घाबरला होता, माझ्याहून जास्त. डॉक्टर कागदावर लिहू लागल्या तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

"पोरी," तो म्हणाला, "हात खाली घेतलास की सांग. मग उघडतो."