प्रतीक्षाचे लेट वडील

निमगाव सावा ते आळेफाटा जीप चालवणारा तुळशीदास कधी वेळेवर आला, असं उभ्या गावात कुणी शपथेवर सांगणार नाही. सांगितलंच, तर तो माणूस बाहेरगावचा समजावा. जीप भरल्याशिवाय हलायची नाही, हा वडापवाल्यांचा धर्मच. पण तुळशीदासची जीप भरली तरी हलायची नाही. माणसांच्या मांडीवर माणसं, त्यांच्या मांडीवर पिशव्या आणि पिशव्यांतून माना काढून बघणाऱ्या कोंबड्या, असं सगळं बसलेलं असताना हा खाली उभा राहून ओरडायचा, "एक शीट! एक शीट ऱ्हायलंय!" स्वतःच्या लग्नाला निघाला तेव्हाही नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांत त्याने वाटेत दोन शीटं घेतली, असं कोपऱ्यावरच्या फोनच्या टपरीतली बायडाबाई सांगते. बायडाबाईवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. पण तुळशीदासची बायको जानकाबाई ही गोष्ट ऐकून कधी नाही म्हणत नाही.

त्यांची एकुलती एक प्रतीक्षा. नावच असं ठेवलेलं, की पोरीने जन्मभर बापाची वाटच बघावी.

अकरावीच्या उन्हाळ्यात तुळशीदासने तिला एक पुस्तक आणून दिलं. कुणा पॅसेंजरचं जीपमध्ये राहिलेलं. पुठ्ठा फाटलेला, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. आत पहिल्याच पानावर लिहिलेलं, की ही फार जुनी, गाजलेली इंग्रजी कादंबरी शाळकरी मुलांसाठी सोपी करून छापली आहे. शेवटी अवघड शब्दांचे अर्थ. "मालक आला तर द्यायचं हाय, जपून वाच," तुळशीदास म्हणाला. मालकही तुळशीदाससारखाच निघाला. आजतागायत आलेला नाही.

प्रतीक्षाने ते पुस्तक जे धरलं ते सोडलं नाही. एकेक वाक्य मोठ्याने म्हणायची, मागे शब्द बघायची, आणि नवा शब्द सापडला की लगेच घरच्यांवर सोडायची. "आये, आय फेच वॉटर!" जानकाबाई म्हणायची, "फेच का काय ते नंतर कर, आदी पानी आन." जे शब्द मागे नसायचे त्यांची अडचण नव्हती, कारण ते सोपेच असणार. गोष्टीतली म्हातारी रोज संध्याकाळी पार्लरमध्ये बसायची. हे प्रतीक्षाला आवडलं. आळेफाट्यावर नुकतंच आईस्क्रीम पार्लर निघालेलं, तिथं आपल्याकडची एकही म्हातारी बसत नव्हती.

गोष्ट होती एका पोरीची. तिचा बाप टपालाची घोडागाडी हाकायचा. म्हणजे आपल्यातलाच म्हणा की! आणि पुस्तकात जिथं तिथं त्याला म्हटलेलं, हर लेट फादर. प्रतीक्षा खुदकन हसली. तिकडचेही असेच! हा शब्द मागे बघायचं कारणच नव्हतं. एसटी लेट, मास्तर लेट, पगार लेट. 'लेट' हा काय इंग्रजी शब्द आहे? तो तर निमगावचाच.

पण बाप काही येईना. पोरगी आजारी पडली, बाप नाही. पोरगी शहरात गेली, बाप नाही. शेवटच्या पानावर तिचं लग्न लागलं, वऱ्हाडी जेवले; तरी याची घोडागाडी आपली वाटेतच. पुस्तक संपलं आणि प्रतीक्षा हुंदके देऊन रडायला लागली. तेवढ्यात तुळशीदास दारात.

"काय झालं गं?"

"तुमीपण माझ्या लग्नाला असंच करनार, आण्णा! यायचंच न्हाई!"

तुळशीदासला ना आगा कळला ना पीछा. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "येईन गं. लेट येईन, पन येईन."

बारावी झाल्यावर पुण्यातल्या एका ट्रस्टच्या नर्सिंगच्या शाळेत मुलाखतीचं बोलावणं आलं. राहायला वसतिगृह, जेवणखाण तिथंच. तुळशीदास जीपच्या मालकाला सांगून जीप घेऊन निघाला. आता पुण्याला मोकळी जीप न्यायची म्हणजे त्याला पापच. नारायणगावला शीटं घेतली, मंचरला उतरवली, पुन्हा घेतली. पोरगी धावतपळत एकटीच आत गेली, आणि हा जीप कुठं लावू म्हणून पुण्याला चकरा मारत राहिला.

आत तीन माणसं. मधल्या मॅडम पांढऱ्या साडीतल्या, चष्म्यातून बघणाऱ्या. गावच्या पोरीचं इंग्रजी ऐकून त्यांना नवल वाटलं. त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?

प्रतीक्षाने मान ताठ केली. बाहेर चकरा मारणारा बाप तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि पुस्तकातले दोन शब्द आपसूक जिभेवर आले. "माय लेट फादर ब्रॉट मी वन बुक."

मॅडमनी चष्मा काढला. "आय ॲम सॉरी, बाळ."

मॅडम कशाला माफी मागतात ते प्रतीक्षाला कळलं नाही. पण पुस्तकातलं एक छान वाक्य तिला तिथं चपखल बसलं. "इट इज ऑल राइट, मॅडम. वी आर यूज्ड टु इट."

तिसऱ्या माणसाने खाली बघून डोळे पुसले. जागा मिळाली.

आळीत पेढे वाटले. संपत वायरमन म्हणाला, "आता इंजेक्शनबी इंग्लिशमधी टोचनार व्हय गं?" प्रतीक्षा फुशारली. इंग्रजीच्या जोरावर आली होती ना पोरगी!

ही फुशारकी पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकली. वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत देणगी देणाऱ्यांचे फोटो होते, आणि फोटोंखाली इंग्रजीत नावं. एका संध्याकाळी जेवता जेवता तिने खोलीतल्या मैत्रिणीला, वृषालीला विचारलं, "हे सगळे लेट का गं? एवढी मोठी माणसं, आणि कुणीच टायमात न्हाई?"

वृषालीच्या तोंडातला घास बाहेर आला. "अगं येडे, मेलेत ते! हार दिसत नाहीत का तुला?"

प्रतीक्षाला हार दिसले. मग ती घोडागाडी दिसली, जी कधी निघालीच नव्हती. मग मॅडमचा काढलेला चष्मा. वृषाली हसत होती आणि प्रतीक्षाने ताट बाजूला सारलं.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट कळली. त्या वर्षीच्या सगळ्या जागा मुलाखतीआधीच भरल्या होत्या. एकच उरली होती, बिनबापाच्या मुलीसाठी राखलेली.

दुसऱ्याच दिवशी मॅडमच्या दारात जाऊन सांगायचं, असं तिने ठरवलं. गेलीही. मॅडमनी वर बघून विचारलं, "जेवलीस का गं?" एवढ्या मायेने विचारलं, की ती "हो" म्हणून परत आली. पुढच्या सोमवारी सांगू. मग परीक्षेनंतर सांगू. बापाच्या जीपसारखंच झालं ते. निघते, निघते, आणि जागची हलत नाही. चूक शब्दाची होती तोवर ती माफ होती. पण आता शब्द कळला होता. आता रोज सकाळी उठून ती आपल्या धडधाकट बापाला नव्याने मारत होती आणि कुणा दुसरीच्या जागेवर बसून वरणभात जेवत होती.

बायडाबाईच्या टपरीवर फोन यायचा. तुळशीदास रिसीव्हर कानाला लावून असा ओरडायचा, की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. "येऊ का गं भेटाया?"

"नको आण्णा. इथं पुरुषांना आत सोडत न्हाईत."

"मी काय पुरुष हाय का? मी बाप हाय!"

टपरीभोवतीची माणसं हसायची. पलीकडे प्रतीक्षा फोन ठेवून जिन्यावर बसून राहायची.

वर्षाअखेर पोरींना टोप्या घालायचा समारंभ झाला. आईवडिलांनी यायचं. प्रतीक्षाने आईलाच बोलावलं. जानकाबाई नवं लुगडं नेसून फाटकाशी आली, आणि पोरीची नजर पहिली गेली ती तिच्या गळ्याकडे.

"आये, ते डोरलं काढ."

"काय?"

"इथं लई चोऱ्या होत्यात."

"चोर काय खोट्या मन्यांचं डोरलं नेनार? येडा हाय का चोर?"

"काढ ना गं आये. माझ्यासाठी."

जानकाबाईने पोरीकडे बघितलं. मग तिने डोरलं काढलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. प्रतीक्षा तेवढा वेळ रस्त्यावरच्या रिक्षा बघत होती.

आत मॅडमनी जानकाबाईचे दोन्ही हात हातात घेतले. "एकटीनं पोरीला एवढं वाढवलंत."

"एकटीनंच म्हना की. हे कुठं घरात ऱ्हायले कधी!"

मॅडमना भरून आलं. त्यांनी हळूच विचारलं, "गेले कसे ते?"

"कसे म्हंजे? जीपनी."

"अरेरे! तो फाट्याकडचा रस्ताच वाईट."

"लई वाईट. नुसते खड्डे."

प्रतीक्षा खोकायला लागली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. आणि नेमका त्याच वेळी, समारंभ उरकून लोक चहाकडे वळले असताना, दारातून नव्या पांढऱ्या शर्टातला, घामाने निथळणारा तुळशीदास आत आला. हातात पेरूंची पिशवी. तोंडभर हसून लांबूनच ओरडला, "जरा लेट झाला गं पोरी! पन आलो का न्हाई?"

मॅडम वळल्या. "हे कोण?"

आता बघा, जीभ किती लहान असते. तिला वळायला जागा ती केवढी लागणार? "काका," प्रतीक्षा म्हणाली. "माझे काका."

तुळशीदासचं हसू तसंच राहिलं, म्हणजे ओठांवर राहिलं. जानकाबाईचा हात पदराच्या गाठीकडे गेला. तुळशीदासने एकदा बायकोच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं, एकदा पोरीच्या पांढऱ्या टोपीकडे, आणि मॅडमना हात जोडले. "जयभीम, बाई. व्हय. मी चुलता."

फाटकाशी त्याने पेरूंची पिशवी पोरीच्या हातात दिली. "येवस्थित जेवती ना?" एवढंच विचारलं. जानकाबाईने जीपमध्ये बसल्यावर डोरलं गळ्यात घातलं. सबंध रस्ताभर त्या दिवशी तुळशीदासने एकही शीट घेतलं नाही. निमगावात जीप वेळेआधी आली म्हणून बायडाबाई टपरीतून बाहेर येऊन बघायला लागली.

त्यानंतर घरात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. फक्त 'काका' हा शब्द त्या घरातून गेला. तुळशीदासचा सख्खा भाऊ येडगावला असतो, त्याला ही पोरगी जन्मापासून काका म्हणायची. आता ती "येडगावचे आले" म्हणायला लागली. तो बिचारा आळीत विचारत फिरायचा, "मी काय घोडं मारलंय राव? पोरगी काका का म्हनत न्हाई?"

प्रतीक्षा नर्स झाली. आळेफाट्याच्या दवाखान्यात लागली, बापाच्याच जीपमधून जायला लागली, लेट पोचून बोलणी खायला लागली. तिथं एखाद्या म्हाताऱ्याबरोबर आलेल्या माणसाला "तुम्ही पेशंटचे कोण?" असं विचारायची वेळ आली, की ती दुसऱ्या नर्सला पुढे करायची.

दोन हजार सहाच्या सुमाराला मॅडमच्या निवृत्तीच्या समारंभाचं निमंत्रण आलं. प्रतीक्षाने दोन दिवस ते पर्समध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आण्णा, तुमी चला माझ्यासंगं."

तुळशीदास पांढरा शर्ट घालून निघाला. एसटी चाकणला बंद पडली, त्यात याचा काही दोष नव्हता. वसतिगृहाच्या फाटकाशी पोचले तेव्हा आतून माणसं परत निघाली होती. तुळशीदास थांबला. शर्ट नीट केला.

"एक सांग पोरी. आज मी कोन?"

त्याने चिडून विचारलं नव्हतं. ओळखीत चूक होऊ नये, एवढ्याचसाठी विचारलं. प्रतीक्षाने त्याचा हात धरला आणि त्याला आत ओढलं.

मॅडम हारांच्या ढिगाशी बसल्या होत्या. "मॅडम, हे माझे वडील," प्रतीक्षा म्हणाली. मॅडम बघत राहिल्या, तेव्हा मग सगळंच बाहेर आलं. पुस्तक, घोडागाडी, लेट. "तेव्हा मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. नंतर कळला. कळल्यावर मी बोलले नाही."

तुळशीदास मध्ये पडला. "चूक माझी हाय बाई. मी त्या दिवशी टायमात आलो असतो तर तुमाला दिसलोच असतो की जित्ता."

मॅडमना हसू आलं. पण ते विरलं. "त्या जागेसाठी आणखी एक मुलगी होती," त्या प्रतीक्षाला म्हणाल्या. "ओतूरकडची. खरंच वडील नव्हते तिला. मी तिला पुढच्या वर्षी ये म्हटलं. आली नाही ती." मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस." चष्मा मात्र त्यांनी काढला नाही.

परत फाट्यावर यायला संध्याकाळ झाली. तुळशीदासची जीप तिथंच लावलेली. निमगावची माणसं भराभर येऊन बसली, मांडीवर पिशव्या आल्या. प्रतीक्षा मागच्या बाकावर कोपऱ्यात.

तुळशीदास खाली उभा राहून ओरडला, "एक शीट! एक शीट ऱ्हायलंय!"

"कुठं ऱ्हायलंय रे बाबा? आमी काय टपावर जाऊ का?" आतून एक म्हातारी करवादली. सगळे हसले.

प्रतीक्षा हसली नाही. तिने पर्स मांडीवर घेतली, अंग चोरलं, खिडकीला चिकटून बसली आणि शेजारी वीतभर जागा करून ओतूरच्या रस्त्याकडे बघत राहिली.