अहिराणीतलं कार्ड

दोंडाईचा स्टेशनवर पॅसेंजरच्या खिडकीशी माय उभी होती. पिशवीत भाकऱ्या, लसणाची चटणी आणि तिचं एकच मागणं, "कागद धाडत राह्य." मी बारावी नापास, सुरतेत लूम चालवायला निघालेला. "धाडसू," म्हणालो. डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, तेवढी ऐट होती अंगात.

कतारगामला एका रूमवर आम्ही आठ खानदेशी राहायचो. शेठशी गुजराती, ओडिया कारागिरांशी हिंदी आणि अहिराणी फक्त आपापसांत, हळू आवाजात. बाहेर कोणी ऐकलं की हसायचं. मीही लाजायचो, आज त्या लाजेचाच राग येतो. पत्र लिहायला बसलो की अहिराणी जवळही फिरकायची नाही. शाळेत शिकवलेलं तेच लिहायचो. 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी येथे सुखरूप आहे. काळजी नसावी.' जन्मात तिला कधी आई म्हटलं नव्हतं. पण बोली ही बोलायची, कागदावर तिचं काय काम, अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत. शहाणे होतो ना आम्ही.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. लोक गाठोडी उचलून स्टेशनकडे धावले, माझे रूमवालेही गेले. मी थांबलो. अंगात कणकण होती आणि असला रोग घरी न्यायचा नव्हता. ताप साधाच निघाला. गावात फोन नव्हता, म्हणून कार्ड टाकलं, नेहमीचंच. सुखरूप आहे, काळजी नसावी.

धाकट्या बहिणीचं, सिंधूचं उत्तर आलं. मायने जेवण सोडलं होतं. सिंधूने कार्ड वाचून दाखवलं, अक्षर भाऊचंच आहे म्हणून शपथ घेतली, तर माय म्हणाली, "अक्षर माले काय समजस? हाई ते कोनी बी लिखी दी. मन्हा पोऱ्या आसा बोलस नही." मी मेलो आणि घरचे लपवताहेत, असं तिने धरलं होतं.

सिंधूचं उत्तर मी पुन्हा वाचलं. 'सुखरूप'चा अर्थ तिला कळत होता. पण ते शब्द सुरतेतल्या कुठल्याही पोराचे असू शकले असते. त्यात मी कुठे होतो? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसरं कार्ड घेतलं. 'आहे'ला आमचं 'शे', ते मी आयुष्यात कागदावर काढलं नव्हतं, पेन अडलं. मग धीर करून लिहिलं, 'माय, मी जिवत शे. साधा ताप व्हता, उतरना. मन्हा हातनी भाकर तव्यावर तुटस, तरी मी तीच खास. तू जेव. तू जेवनी नही ते मी बी जेवाव नही.'

ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. मग सिंधूच्या अक्षरात मायचे शब्द आले. 'पीठ गरम पानीमा भिजाड, गधडा. मी जेवनू.' खाली सिंधूने स्वतःहून लिहिलं होतं, की मायने कार्ड तीनदा वाचून घेतलं, हसली आणि रडली, मग ताट मागितलं. मी रिकाम्या रूमवर एकटाच मोठ्याने हसलो.

रूमवाले परतले तेव्हा मी मायचं ते उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघांनी आपापल्या मायचं नाव सांगून माझ्यापुढे कोरी कार्डं ठेवली.

दिवाळीनंतर मला डोळ्यांनी पाहायला माय स्वतः सुरतेत आली. बाजारात ती भाजीवाल्या बेनशी बेधडक अहिराणीत बोलली, बेन गुजरातीत बोलली आणि सौदा दोघींच्याही मनासारखा झाला. लोक वळून पाहत होते. पिशवी धरून मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माय, आखो काय लेवानं शे?"

आता इथे अहिराणी हळू आवाजात बोलावी लागत नव्हती; तेव्हापासून कोणी विचारलं तर माझं घर मी सुरत सांगतो.