बाळूच्या मुठीतलं बोर

बायांनो, आज दुपारी आपल्या मंडळात संक्रांतीची लहान मुलांची लूट झाली, बोरन्हाण घातलं, त्याबद्दल लिहिते आहे. उद्या सकाळी हा कागद मंडळाच्या फळ्यावर लावीन. कोणी काढू नका.

शेवंता आपल्या बाळूला घेऊन आली होती. अडीच वर्षांचा झाला, अजून आधाराशिवाय बसत नाही. ती त्याला मागून धरून सतरंजीवर बसली आणि तुम्ही एकेकीनं आपापली पोरं दूर सरकवली, जसं काही खरूजच लागणार होती.

"त्याले घरी ठेवत जा वं शेवंते. गर्दीत घाबरते बिचारा," अध्यक्षबाई म्हणाल्या. बाळू तर हसत होता.

मग मुलांच्या डोक्यावर मुरमुरे आणि बोरं ओतली. एक बोर घरंगळत बाळूकडे आलं आणि त्यानं ते मुठीत धरलं. अध्यक्षबाईंनी मूठ उकलून ते काढून घेतलं. "घशात अडकन न वं."

"राहू द्या न बाई," शेवंता म्हणाली. "पहिल्यांदाच धरलं त्यानं काही."

तोवर बोर अध्यक्षबाईंच्या नातवाच्या तोंडात गेलं होतं. नातू दीड वर्षांचा आहे.

जाताना शेवंता जिन्यात थांबली. सदर बाजारातल्या डॉक्टरांनी बाळूचा व्यायाम सांगितला आहे, त्याला दोन माणसं लागतात. विणकामाचा माग बंद पडल्यापासून नवरा हिंगण्याच्या नव्या कारखान्यात पाळीवर असतो. सासू हात लावत नाही. "कोणी येते का, तेच विचाराले आली होती मी," ती म्हणाली.

उद्यापासून मी जाते. पण रोज मला जमणार नाही. बिचारा म्हणायला आपण पुष्कळ जणी आहोत, त्याला धरायला कोण येतं?