स्टेंट आज नाही

"मेजर अटॅक है, मैडम. अभी अंदर लेना पड़ेगा." ईसीजीची पट्टी हातात धरून डॉक्टर म्हणाले. सकाळपासून हे छाती चोळत "गॅस आहे" म्हणत होते. पोह्यांवर शेव जास्त झाली म्हणून गच्चीवर शतपावलीही करून आले होते. आम्हा इंदूरकरांचं निम्मं दुखणं शेवेच्या नावावर खपतं.

मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयापर्यंत नेली. तिथं थ्रॉम्बस, रक्ताची गाठ, ठासून बसली होती. नळीनं ती ओढून काढली. याला ॲस्पिरेशन म्हणतात. बरीचशी निघाली, सगळी नाही.

"रास्ता खुल गया है," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पर क्लॉट अभी बाकी है. आज स्टेंट डाला तो टुकड़े नीचे जाकर बारीक नसें जाम कर सकते हैं. दो दिन दवा देंगे, फिर देखेंगे."

माझे थोरले दीर, दादा, भडकले. "स्टेंटच नाही टाकला, तर केलं काय? आमच्या कॉलनीत सगळ्यांचं एका झटक्यात निपटलं. सुनीता, याला दुसऱ्या हॉस्पिटलात शिफ्ट करून टाकू. मी ॲम्ब्युलन्स बोलावतो."

आमच्या घरात दादांचा शब्द शेवटचा. लग्न झाल्यापासून मी त्यांना उलट बोलले नव्हते. मी डॉक्टरांना विचारलं, वाटेत काय होऊ शकतं?

"नस फिर बंद हो सकती है. मैं तो मना करूँगा."

"दादा, यांना हलवायचं नाही," मी म्हणाले. ते पाठ फिरवून बसले.

ते दोन दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. आयसीसीयूचं दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. यांचं बरंवाईट झालं असतं, तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं आणि मीही ते फोडून घेतलं असतं.

पुन्हा अँजिओग्राफी केली, तेव्हा गाठ बरीच विरघळली होती. मग स्टेंट बसला. हृदयाचं पंपिंग मात्र कमी झालंय. जिना चढताना हे मध्येच थांबतात आणि मीही थांबते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर "आज का नाही?" हे डॉक्टरांनाच विचारा. नातेवाइकांना नको.

आता दादा सगळ्यांना सांगतात, "सुनीताच्या हिमतीमुळे भाऊ वाचला." हिंमत कसली? ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर यांना शेवटचं पाहावं लागेल, एवढीच भीती वाटली होती.