कीर्तनाच्या दिवशी शाळेचा मुआयना

आमचे हे देशाचे पुढारी होते. देश म्हणजे घर सोडून बाकीचा सगळा. मुंबई असो, नागपूर असो, मद्रास असो, सभेत स्त्रीशिक्षणावर बोलता बोलता यांचा गळा दाटून यायचा. "माझी स्वतःची पत्नी निजामाच्या मुलखात मुलींची शाळा चालवते!" लोक टाळ्यांचा कडकडाट करायचे. शाळेतला खडू संपलाय, हे मात्र मद्रासपर्यंत कुणाला ऐकू जात नसे.

शाळा धारूरच्या डोंगराखाली, आमच्या गावातल्या देवळाच्या ओसरीवर भरायची. मी पुण्याला ट्रेनिंग करून आलेली, म्हणून गाव मला मास्तरीनबाई म्हणायचं. पण खाजगी शाळेला सरकारची इजाजत लागायची, आणि ती काही केल्या मिळत नव्हती. गावातल्या तेल्यानं तर साफच सांगून टाकलं, "बाई, इजाजत आली तर पोरगी साळंत ठिवतो. न्हाई तर माघात लगीन लावून देतो." पोरगी माझ्या शाळेत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तोंडाळ. तिच्यापायी माझ्या जिवाला घोर लागला होता.

शेवटी निरोप आला की शिक्षणाचं बघणाऱ्या तालीम खात्याचे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येताहेत. पोरींकडून मी पाढे घोटून घेतले, धडे घोटून घेतले. आणि नेमके मुआयन्याच्याच सकाळी, देवा रे, आमचे हे आले! सोबत कार्यकर्त्यांचा लवाजमा.

सभेला इजाजत मिळणं तर शक्यच नव्हतं, म्हणून आमच्याकडे सभेचं कीर्तन करायची रीत पडली होती. पुढाऱ्याच्या डोक्याला फेटा बांधायचा, मागं टाळकरी उभे करायचे, आणि विठ्ठलाच्या आडून स्वराज्य सांगायचं. यांना एक अभंग धड येईल तर शपथ! टाळकरीच सावरून घ्यायचे. त्या दिवशी कीर्तनाला जागा कुठली, तर माझी ओसरी. पोरींच्या हातांतल्या पाट्या काढून ओवाळायची ताटं दिली.

मी म्हटलं, "अहो, आज मुआयना आहे."

"अगं, देशाचं काम आहे. शाळा काय, उद्याही भरेल."

मी तणतणत चुलीपुढं जाऊन बसले. एवढ्या माणसांच्या भाकरी कोण थापणार? देश?

दुपारी साहेबांचा टांगा वेशीत आला. गावाला एक गोष्ट पक्की पढवलेली होती. सरकारी माणसानं काहीही विचारलं, की न्हाई म्हणायचं. साहेबांनी विचारलं, "लड़कियों का मदरसा किधर है?"

"मदरसा? असलं काई न्हाई जी आमच्यात."

"और वो पढ़ानेवाली बाई?"

"कोन बाई? आमच्या गावात बाईच न्हाई, साहेब."

काय ती निष्ठा! साहेबांनी टांगा माघारी वळवला. तेल्याची बायको वेशीजवळच उभी होती. ती धावत आली नि माझ्या दारात रडायलाच लागली. "बाई वं, साहेब परत निगाला! न्हाई कावून म्हनले हे लोक?"

पिठानं भरलेल्या हातांनी मी पळत सुटले आणि टांग्याला आडवी गेले. "साहेब, ती बाई मीच."

"सारा गाव तर नाही म्हणतो."

"गाव खोटं बोलतं. तुम्ही चला."

ओसरीवर स्वराज्य अगदी रंगात आलं होतं. साहेबांची शेरवानी दिसताच ते तुटलं आणि विठ्ठल विठ्ठलचा गजर सुरू झाला. साहेबांनी यांनाच विचारलं, "महाराज, इथं शाळा आहे?"

यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून म्हणाले, "शाळा? नाही बुवा. इथं फक्त नामस्मरण."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मद्रासला सांगायला शाळा आहे, आणि माझ्या तोंडावर नाही! मी ओरडले, "पोरींनो, ताटं खाली ठेवा. पाट्या काढा."

पोरी पटापट ओळीनं बसल्या. साहेबांनी तेल्याच्या पोरीला उभं केलं. तिनं धडा वाचला, पावकीचा पाढा म्हटला, उर्दूच्या ओळीसुद्धा न अडखळता वाचल्या. साहेबांचा चेहरा खुलला. मग त्यांनी फेट्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे कोण?"

टाळ थांबले. यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीनं नाव घेतलं असतं तर हे थेट तुरुंगात जाणार होते.

पोरगी म्हणाली, "हे व्हय? हे बाईचे मालक. पाव्हने हायत. हे आले की आमची शाळा बंद ऱ्हाती."

साहेब पोट धरून हसले. "मग यांना बोलवत जाऊ नका, बाईसाब," म्हणाले, आणि तिथंच इजाजत देऊन टाकली.

मी पोरीला दटावायला हवं होतं. नाही दटावलं. खरं सांगू, लई बरं वाटलं. यांनी खाली मान घालून फेटा उतरवला, आणि मी पोरींना पुढचा धडा काढायला सांगितला.