लागत्यात ना ब्रेक?

कर्जतच्या रस्त्यावरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. एका सकाळी शाळेची मुलं नेणारी जुनी डिझेल जीप त्याच्याकडे आली.

मालक म्हणाला, "लई धूर टाकती. इंजेक्टर तेवढे साफ कर. ब्रेक ऱ्हाऊ दे, लागत्यात."

मेकॅनिकने तरीही चाक उघडलं. ब्रेकचे लायनर पत्र्यापर्यंत झिजले होते. त्याने चाक परत बसवलं आणि तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

"लागत्यात ना, शेठ? मग व्हा म्होरं उभं. मी आनतो गाडी."

मालक हसला, पण गाडीपुढे गेला नाही.

"आन् पोरं बसवता व्हय हिच्यात!" मेकॅनिक ओरडला. त्याने किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी नवे लायनर बसल्यावर त्याने किल्ली मालकाच्या हातात दिली, आणि स्वतः जीपसमोर जाऊन उभा राहिला.

"आना आता."