पाय धुण्याची हौस

नारू तुटला तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. हातात काडी, काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा आणि त्याचं दुसरं टोक मारुती धनगराच्या पायात कुठेतरी आत गडप. मारुती माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी तस्तातल्या पाण्याकडे.

नारू आता कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. पायऱ्यांच्या बारवेत उतरून भरलेलं पाणी प्यायलं की हा किडा पोटात जाई आणि वर्षभराने पायातून डोकं बाहेर काढी. सुतासारखा बारीक, हातभर लांब. औषध नव्हतं. पाय धुवून पाण्यात बुडवायचा, टोक बाहेर आलं की काडीला गुंडाळायचं. रोज एक वेढा. ओढ लागली की थांबायचं. तुटला तर उरलेला आत कुजतो, आणि एखाद्याचा पाय कायमचा जातो.

मानवतजवळच्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात हे काम सोनाबाई आया करायची. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि मी नवा कंपौंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे सहा दिवस मीच डॉक्टर, असं माझं मत होतं.

त्यात उपवासकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस. चर्चच्या पाळकांनी उपदेशात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग सांगितला आणि प्रत्येकाने एक सेवा उचलावी म्हणाले. ज्याला सेवा जमत नाही त्याने आवडती वस्तू सोडावी. कुणी मटण सोडलं, कुणी तंबाखू. मला चहा सोडणं शक्य नव्हतं, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं. म्हणून मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि चाळीस दिवस रोग्यांचे पाय मी धुणार असं जाहीर केलं. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण मला त्या ऐकू आल्या.

बाहेर पडताना सोनाबाई एवढंच म्हणाली, "धुवा की, साहेब. पर काडीला हात लावू नका. ती मी बघते."

मला वाटलं, बाईला सेवेत वाटेकरी नको आहे.

मारुती आला तो अडचण घेऊनच. "रानातला चारा संपायलाय. आठ दिसांत मेंढरं गोदाकाठाला न्यायचीत. बायकू एकटी कशी नेईल?" सोनाबाईने तीन आठवडे सांगितले. मला ते फार वाटले. चार दिवस तिने रोज एक वेढा दिला. पाचव्या दिवशी ती पाणी आणायला गेल्याची संधी साधून मी चार दिले. तिसऱ्यालाच ओढ लागली होती.

दोन दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला, ताप चढला. डॉक्टर आले, गळू फोडलं, हात धुता धुता विचारलं, "वेढे कुणी दिले?"

"मी. उपवासकाळ आहे, म्हणून सेवा..."

"मग उपवास करायचा होता," डॉक्टर म्हणाले.

मारुतीची बायको मेंढरं घेऊन एकटीच निघाली. व्हरांड्यात पडून तो कळपाच्या घंटा लांब जाताना ऐकत होता आणि रडत होता. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. सोनाबाई दिवसातून तीनदा पोटीस बांधायची. शेवटी मीच विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, "पाणी आणा."

विहीर दोन शेतं ओलांडून होती. तिसऱ्या घागरीला माझे खांदे भरून आले आणि मग डोक्यात उजेड पडला. इतके दिवस ज्या पाण्याने मी नम्र होत होतो, ते ती डोक्यावरून आणत होती. उरलेला उपवासकाळ मी घागरी वाहिल्या. ते कुणी पाहिलं नाही, याचंही मला थोडं वाईट वाटलंच.

पाय वाचला. ईस्टरच्या आदल्या दिवशी मारुती लंगडत निघाला. सोनाबाईच्या पाया पडला, मग माझ्याकडे वळला. तिने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "फुडल्या साली तुमी च्याच सोडा."

तेव्हापासून दर उपवासकाळात मी चहा सोडतो. डोकं फार दुखतं, पण कुणाचा पाय सुजत नाही.